मम्मी सोडून बाकी सगळं इंग्रजीत

आमच्या घराची मागची भिंत लूमच्या कारखान्याला लागून आहे. भिवंडीत ह्यात सांगण्यासारखं काही नाही, पण बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं की ह्या घरात कुजबुजता येत नाही. शिफ्ट चालू झाली की भिंतीपलीकडे खडाखड सुरू होते, आणि मग मीठ मागायचं तरी घसा ताणून मागायचं. खारबावहून लग्न होऊन इथे आले तेव्हा मला वाटायचं, ही सगळी माणसं माझ्यावर चिडलीत. वर्षभरात मीही तशीच झाले. अजून माहेरी गेले की भाऊ म्हणतो, हळू बोल, इथं कोन बहिरा न्हाय.

त्यामुळे आमच्या घरात कधी कुणाचं गुपित टिकलं नाही. माझं आणि ह्यांचं भांडण झालं की सकाळी नळावर बायका मला पुढे काय झालं ते विचारायच्या. हे गेले, मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, तरी घराची रीत तीच राहिली. जे काय बोलायचं ते सगळ्यांदेखत आणि मोठ्याने. मग सून आली आणि घरात इंग्रजी आलं.

सून काल्हेरच्या एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. सामान का नाही आलं, फुटकं का आलं, अशा गिऱ्हाइकांच्या तक्रारी कॉम्प्युटरवर येतात आणि ती दिवसभर त्यांना इंग्रजीत समजावत असते. मुलगा त्याच गोदामात गाड्यांचं बघतो. तिथेच जमलं दोघांचं. माझी काही हरकत नव्हती. मुलगी कल्याणची, आपल्यातलीच, विहारात साधेपणाने लग्न लावलं. वागायला नीट, कामाला चटपटीत. एकच खोट, आवाज फार बारीक. "मम्मी, भात लावू?" असं तिने विचारलं की मला "आं?" म्हणावं लागायचं, आणि दुसऱ्यांदाही ती तितक्याच बारीक आवाजात विचारायची. शेवटी मी तिच्या तोंडाकडे न बघता कुकरकडे बघायला शिकले.

माझ्याशी ती मराठीतच बोलायची. नवऱ्याशी सुरुवातीला मराठी, मग अर्धं अर्धं, आणि मग बघता बघता सगळं इंग्रजी. ती त्याच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलायची आणि मुलगा, त्याचा आवाज माझ्यावर गेलेला, तो इकडून खणखणीत इंग्रजीत उत्तर द्यायचा. त्या सगळ्या इंग्रजीत मला पक्का कळणारा शब्द एकच असायचा, मम्मी. धडधड धडधड इंग्रजी, मध्ये मम्मी, परत इंग्रजी. आता मला सांगा, कुणाला संशय येणार नाही? माणूस दुसऱ्याच्या घरात बसला असेल आणि त्याचं नाव सोडून बाकी सगळं त्याला कळत नसेल, तर तो काय समजणार, की त्याचं कौतुक चाललंय?

मी दहावी पास आहे, अगदीच अंगठाछाप नाही. गायीवर निबंध लिहिलाय इंग्रजीत, आणि तापासाठी सुट्टी हवी म्हणून मुख्याध्यापकांना अर्जही. पण हे इंग्रजी ते नव्हतं. ह्यात गाय नव्हती आणि अर्जही नव्हता. शब्द सुटे सुटे ओळखीचे वाटायचे, पण एका ओळीत आले की अनोळखी होऊन जायचे. एकदा मुलगा तिला म्हणाला, पीस ऑफ केक. मी दोन दिवस वाट बघितली की घरात केक येतोय. आला नाही. म्हटलं, बाहेरच खाऊन आले असतील.

नुसतं बोलणंच असतं तर मी सोडून दिलं असतं. पण बाकीची लक्षणंही ठीक नव्हती. आमच्या भाजीवालीची बहीण काल्हेरला असते. तिने सांगितलं, तुमचा मुलगा आणि सून रविवारी आमच्याकडच्या नव्या बिल्डिंगीखाली उभे होते, हेल्मेट हातात, माना वर करून. घरी मात्र मला सांगून गेले होते, मैत्रिणीकडे जातोय. त्याच रविवारी आणखी एक झालं. मी विहारातून आले आणि एक ब्लाउज उसवायला घेतलं. मशीनचा खण उघडला, तर माझी टेप उलटी गुंडाळलेली.

हे मी जरा समजावून सांगते. मी शिलाई करते, ब्लाउज, पंजाबी ड्रेस, पिको-फॉल. टेप मी नेहमी अशी गुंडाळते की शून्याचं टोक वर येईल. सोडली की शून्य हातात, लगेच माप. इतक्या वर्षांत कधी ह्यात बदल नाही. आणि त्या दिवशी वर आलं साठाचं टोक. म्हणजे कुणीतरी टेप नेली होती, वापरली होती आणि मला कळू नये म्हणून परत जागेवर ठेवली होती. पलंग कुठे बसेल, कपाट कुठे बसेल, दुसरं काय मोजणार? माझ्याच टेपने माझ्यापासून लांब जायचं माप घेतात, ह्याचा मला असा राग आला की मी ते ब्लाउज तसंच पिशवीत टाकलं.

तर एवढंच कळायला हवं होतं. ही दोघं मला इथे भिंतीला टेकवून काल्हेरला जाणार आहेत की नाही.

सरळ विचारलं का नाही, असं कुणीही म्हणेल. विचारायची सोय मीच ठेवली नव्हती. आमच्या शेजारची एक बाई मुलाच्या मागे डोंबिवलीला राहायला गेली होती, ती सहा महिन्यांत पिशवी घेऊन परत आली. त्यांनी मला पाहुणीसारखं ठेवलं, म्हणाली, आणि कामाला मोलकरणीसारखं. तेव्हा मी आमच्या ओट्यावर उभी राहून, सुनेच्या देखत, अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं की मला कुणी पालखी घेऊन न्यायला आलं तरी मी ह्या घरातून हलणार न्हाय. चिडले की माझं खारबाव बाहेर येतं. एवढं बोलल्यावर परत कुठल्या तोंडाने विचारायचं, की बाबांनो, पालखी कधी येणार?

आणि दुसरं, आमच्यात सरळ बोलायची रीत कधी नव्हतीच. माझी सासू मला जन्मात सरळ बोलली नाही. तिला माझ्या भाकऱ्या जाड वाटल्या की ती माझ्या नणंदेला म्हणायची, किती जाड थापतेस गं. नणंद बिचारी कोपऱ्यात गणितं सोडवत असायची, तिने पिठाला हातही लावलेला नसायचा. पण तिलाही ठाऊक होतं की हे आपल्यासाठी नाही, ती मान वर करायची नाही. नणंद लग्न होऊन गेली तेव्हा मला वाटलं, सुटले. तर सासू मांजरीला बोलायला लागली. मीही मग तव्याला उत्तर द्यायला शिकले. ज्याला बोलायचं त्याच्याकडे बघायचंच नाही, आणि ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं. मी ठरवलं होतं, आपण आपल्या सुनेशी असं करायचं नाही. ते पाळलंही. जेवणखाणाचं सोडलं तर मी तिच्याशी फारसं काही बोललेच नाही.

निजामपुऱ्यातून एक बाई माझ्याकडे कपडे शिवायला आणते. वयाने माझ्याएवढीच. मी तिला बाजी म्हणते, ती मला भाभी. तिचा मुलगा विलायतेत असतो आणि नातवंडं तिकडचीच, त्यांना ना उर्दू येत ना आपली भाषा. त्यांच्याशी फोनवर बोलता यावं म्हणून बाजी ह्या वयात इंग्रजी शिकली, आणि तेही पुस्तकातलं नाही, पोरं बोलतात ते. नातवाने शिकवायचं आणि तिने घोकायचं. माप देताना ती मधेच म्हणायची, नो वरीज, भाभी, म्हणजे काळजी नको. एक दिवस मी तिला विचारलं, मला शिकवाल का? कशासाठी, तिने विचारलं. मी म्हटलं, मोबाईलवर व्हिडिओ येतात, कळत नाहीत. तिने माझ्याकडे बघितलं आणि स्टूल जवळ ओढलं. तिचे फॉल मी असेच लावून द्यायचे आणि त्या वेळात तिने मला शिकवायचं, असं ठरलं.

शिकायला लागले आणि संशय वाढला, कमी नाही झाला. ही काय भाषा आहे, मला समजेना. सोपं काम म्हणजे केकचा तुकडा. गुपित फोडलं म्हणजे शेंगदाणे की वाल सांडले. आवडत नाही म्हणजे माझा चहाचा कप नाही. अडचणीत सापडला म्हणजे लोणच्यात पडला. मी म्हटलं, बाजी, हे लोक उपाशी आहेत का, जिथे तिथे खाण्याचंच. ती हसायची. पण मला हसू येत नव्हतं. साधी गोष्ट सरळ सांगायची सोडून जो माणूस वाल आणि चहात गुंडाळून सांगतो, त्याला काहीतरी लपवायचं असणारच. आणि ते त्यांचं नो ऑफेन्स. म्हणजे राग मानू नका. बाजी म्हणाली, हे म्हणून झालं की पुढे हमखास रागाचंच बोलतात. हे ऐकल्यावर मी मनात म्हटलं, भाषाच लबाड आहे, माझी सून काय करणार.

बाजीने मला एकदा गप्प केलं होतं, तेही सांगते. मी अशीच इंग्रजीला नावं ठेवत होते, तर ती म्हणाली, तुम्ही त्या दिवशी म्हणालात की मुलाचा फोन आला नाही तर पोटात गोळा आला, तो गोळा कुठून आला? आणि ती शेजारीण तुमच्या नाकावर मिरच्या कशी झोंबवते? मी म्हटलं, मिरच्या नाकाला झोंबतात, नाकावर कुणी ठेवत नाही, नीट शिका. मी फॉलची टीप घालत राहिले.

घरी मी कान टवकारून बसायचे. मशीनवर बसलं की बरं असतं, पाठ त्यांच्याकडे, हात चालू, कुणाला वाटतं बाईचं लक्ष कामात आहे. माझा उजवा गुडघा हल्ली दुखतो, म्हणून मी स्टूल मागे सरकवून, पाय लांब करून पायडल मारते. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की पहिलं वाक्य ठरलेलं, मशीन बंद करा. तर अशी मी लांब पाय करून बसायची आणि ऐकायची. हळूहळू काही काही सुटायला लागलं. रिलॅक्स. व्हॉट्स द प्लॅन. आणि एकदा मुलगा स्पष्ट म्हणाला, मम्मी विल फ्रीक आउट. हे बाजीने शिकवलं होतं. म्हणजे मम्मीचा तोल जाईल, मम्मी थयथयाट करेल. कशावरून? माझा तोल जाईल असं तुम्ही काय करणार आहात, ते बोला ना. पण ते बोलले नाहीत. स्वयंपाकघरातला मिक्सर चालू झाला.

मग एक दिवस ते अंड्यांचं आलं. मुलगा म्हणत होता, वॉकिंग ऑन एगशेल्स. हे मला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी बाजी आली तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, व्हिडिओत होतं म्हणून. बाजीने हातातलं कापड खाली ठेवलं. म्हणाली, अंड्याच्या टरफलांवर चालणं म्हणजे घरात एखादं माणूस असं असतं की बाकीच्यांना जपून जपून पाऊल टाकावं लागतं, आवाज झाला तर भडकेल म्हणून. मग तिने विचारलं, भाभी, हा व्हिडिओ कुणी बनवला? मी सुईत दोरा ओवायला घेतला. तिने परत विचारलं नाही.

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. लहानपणी ताप आल्यावर हाच मुलगा माझ्या अंगावर पाय टाकून झोपायचा. आणि आता माझ्या घरात, माझ्यामुळे, तो टरफलांवर चालतोय म्हणे. त्या संध्याकाळी मी आमटीत मीठ घातलं नाही. मुद्दाम. दोघं गपचूप जेवली, कुणी मीठ मागितलं नाही, आणि मला आणखीच राग आला. म्हणजे खरंच जपून चालतायत की काय.

ह्या सगळ्यात माझ्या हातून एक घोळ झाला. सकाळची वेळ, दूध गॅसवर, सून डबे भरत होती. दूध उतू गेलं. ती धावली, गॅस बंद केला आणि तोंडातून गेलं तिच्या, ओह, माय बॅड, म्हणजे माझं चुकलं. आणि माझ्या तोंडून, मी पोळी लाटत होते, माझं लक्षही नव्हतं, माझ्या तोंडून निघून गेलं, नो वरीज.

लाटणं माझ्या हातातच राहिलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग फडकं घेतलं, ओटा पुसला, डबे उचलले आणि गेली. मी मनाशी म्हटलं, कारखाना चालू आहे, ऐकू गेलं नसणार. दिवसभर मी हेच स्वतःला सांगत होते. संध्याकाळी ती आली, तीच चाल, तोच बारीक आवाज, मम्मी, भात लावू? मी निर्धास्त झाले.

त्यानंतर माझं इंग्रजी एकदम सुधारलं. मला वाटलं, बाजीची मेहनत फळाला आली. आधी सुनेचं एक अक्षर पोहोचायचं नाही, आता तिची वाक्यंच्या वाक्यं माझ्यापर्यंत यायला लागली. सुटसुटीत, एकेक शब्द वेगळा. ती आता नवऱ्याच्या कानाशीही जायची नाही, ओट्यापाशी उभी राहूनच बोलायची. त्यातून मला कळलं की काल्हेरचा फ्लॅट बघितलाय. मग कळलं की दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे. मग कळलं, खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे, कारखाना जवळ नाही. मी बाजीला फुशारकी मारली की आता मला जवळजवळ सगळं कळतं. बाजी म्हणाली, माशाल्ला, इतकं लवकर तर मलाही नव्हतं आलं. आणि मी हुरळून गेले. एवढी संशयी मी, गल्लीत नाव आहे माझं, पण नेमका जिथे संशय घ्यायचा तिथे मला आला नाही.

शुक्रवारी आमच्या मागचा कारखाना बंद असतो. नव्या माणसाला शुक्रवारी इथे चुकल्यासारखं होतं, इतकी शांतता. पंख्याचा आवाज येतो, शेजारच्या घरातली फोडणी ऐकू येते. अशाच एका शुक्रवारी संध्याकाळी दोघं कामावरून आली आणि मी बाहेरच्या खोलीत ब्लाउजला हूक लावत बसले होते. स्वयंपाकघरातून सून बोलायला लागली. इंग्रजीत. आणि मोठ्याने. असा आवाज तिचा मी लग्नापासून ऐकला नव्हता.

फ्लॅट आपण घेतोय, ते नक्की, असं ती म्हणाली. मम्मींना मी चला म्हणणार नाही. मी विचारलं तर त्या तिथल्या तिथे नाही म्हणतील, आणि त्यांचं नाही म्हणजे कायमचं नाही, त्या कधी मागे घेणार नाहीत. आणि आपल्या आग्रहाने आल्या, तर पाहुण्या होऊन राहतील. मला घरात पाहुणी नको. त्यांना यायचं असेल तर त्यांनीच म्हटलं पाहिजे.

मुलगा दबक्या आवाजात मराठीत म्हणाला, "अगं हळू बोल. आज कारखाने बंद आहेत."

"आय नो," ती म्हणाली, तितक्याच मोठ्याने. आणि मग, एकेक शब्द सुटा करून, "द बॉल इज इन हर कोर्ट."

हे बाजीने शिकवलं होतं. आता चेंडू समोरच्याकडे, खेळायचं की नाही ते त्याने बघावं.

सुई बोटात गेली तरी मला कळलं नाही, ब्लाउजवर डाग पडला तेव्हा कळलं. कारखाने बंद आहेत हे तिला माहीत होतं. कुणाला ऐकू जाईल हे तिला माहीत होतं. त्या दूध उतू गेलेल्या सकाळपासून तिला सगळं माहीत होतं. माझं इंग्रजी सुधारलंच नव्हतं, ती माझ्यासाठी सोपं करून, मोठ्याने बोलत होती. नवऱ्याला बोलायचं आणि मला ऐकवायचं. माझ्या सासूने आयुष्यभर माझ्यावर जो प्रयोग केला तोच, फक्त मांजरीच्या जागी माझा मुलगा, आणि मराठीच्या जागी इंग्रजी. कल्याणच्या इंग्रजी शाळेत हे कुणी शिकवलं तिला? मला पहिल्यांदा आला तो रागच. असा राग आला की उठून जावं आणि सासूला द्यायची राहिलेली सगळी उत्तरं हिला देऊन टाकावीत. पण उठले असते तर सगळं कळतं हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मी डाग धुवायला मोरीत गेले.

नंतरचे दिवस मी नुसती मशीन चालवत होते. मनात दुसराच किडा शिरला होता. हे खरं कशावरून? ही इंग्रजी माणसं, नो वरीज म्हणतात तेव्हा त्यांना वरी असतेच. ती गोदामात दिवसभर हेच करते, चिडलेल्या गिऱ्हाइकाला गोड बोलून शांत करायचं, सामान मात्र द्यायचं नाही. मीही तसलंच एक गिऱ्हाईक असेन. म्हातारी आपणहून येणार नाही हे तिला ठाऊक आहे, ओट्यावर उभं राहून मीच सांगितलंय. मग असं बोलून ठेवलं की झालं, उद्या कुणी विचारलं तर, आम्ही काय नको म्हटलं होतं का?

बाजी आली तेव्हा न राहवून मी तिला सगळं सांगितलं, व्हिडिओ वगैरे काही नाही हेसुद्धा. तिला आश्चर्य वाटलं नाही. ती ओढणीची किनार चाचपत बसली. मी विचारलं, तुमची नातवंडं कशी आहेत. म्हणाली, मोठी झाली. आता फोन उचलत नाहीत, मी काही पाठवलं की अंगठा पाठवतात.

"मैंने सब सीख लिया, भाभी," ती म्हणाली. "अब उधर से कोई बोलता नहीं. तुम्हारे यहाँ तो बोल रहे हैं."

फॉल लावून झाला होता. तिने साडी पिशवीत भरली आणि गेली. मी तिला दारापर्यंत सोडायलाही उठले नाही, तशीच बसून राहिले.

त्याच संध्याकाळी दोघं कामावरून आली. भिंतीपलीकडे खडाखड चालू होती. सूनबाईने चहा ठेवला, मुलगा दारात बसून बूट काढत होता. मी मशीनवरून उठले नाही. स्वयंपाकघराकडे मान वळवली नाही. आमच्या सासूबाई असत्या तर खूश झाल्या असत्या, इतकी सरळ मी मुलाकडे बघत होते.

"तिला विचार," मी म्हटलं, "काल्हेरच्या घरात माझी मशीन कुठे ठेवायची."

मुलगा एक बूट हातात घेऊन तसाच राहिला. आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दारात ती येऊन उभी होती तिकडे. ती माझ्यापासून दोन हातांवर होती, तिला ऐकू गेलंच होतं. तीही माझ्याकडे बघत नव्हती. आणि ती बोलली ते मराठीत, त्या सगळ्या खडाखडीतही मला लख्ख ऐकू आलं.

"त्यांना सांग, खिडकीखाली. मशीनचं माप घेतलंय, स्टुलाचंही. गुडघ्यामुळे त्या स्टूल मागे सरकवून बसतात ना, तेवढी जागा धरूनच घेतलंय."

माझा पाय तेव्हाही लांबच होता. मी तो जवळ घ्यायला गेले आणि घेतला नाही.

चहा उतू जायला आला होता, ती आत वळली. मी खण उघडला, टेप काढली, आणि गुडघा दुखत होता तरी उठून स्वयंपाकघरात गेले. मुलाला मध्ये घेतलं नाही. टेप तिच्या हातात दिली.

"शून्याचं टोक वर ठेवायचं असतं," मी म्हटलं. तिलाच म्हटलं.